पेटी कुठी गेली बे? नागपुरातल्या एका बँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा बँड नागपूरचा. चौघंही एकाच इंजिनीअरिंग कॉलेजातले. गॅदरिंगमध्ये जमले आणि पुढे त्रिमूर्तीनगरातल्या एका गॅरेजमध्ये तालीम करत मोठे झाले. नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. इथे त्यांना कामावरूनच ओळखू या: गायक (गिटारही त्याच्याकडे), पेटीवाला (म्हणजे हार्मोनियम), ढोलकीवाला आणि बासवाला (बास गिटार). मी काहीच वाजवत नाही. तारखा घेणं, पैसे वसूल करणं, गाणी ऑनलाइन चढवणं हे माझं काम. या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली चूक माझ्याच हातून झाली, ती पुढे येईलच.

दहाएक वर्षांत त्यांनी बरीच गाणी केली, पण लोकांच्या तोंडी बसलं ते एकच. आम्ही त्याला 'पावसाचं गाणं' म्हणतो. सुरुवातीला नुसत्या पेटीची आठ आवर्तनं, मग ढोलकी, मग अर्ध्या वऱ्हाडी अर्ध्या प्रमाण मराठीतला मुखडा. दुसऱ्या अंतऱ्यानंतर गायक थांबायचा आणि मुखडा लोक म्हणायचे. कधी दोनदा, कधी सहादा. लोकांचं समाधान झालं की ढोलकीवाला एक तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) मारून सगळ्यांना परत आत घ्यायचा आणि शेवटच्या अंतऱ्याला लय चढायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. एका कार्यक्रमात लाइट गेली, माइक बंद पडले आणि लोकांनीच गाणं पुढे नेलं, तेव्हापासून ती प्रथा पडली.

हळदीच्या कार्यक्रमात, कॉलेजच्या निरोप समारंभात, अंबाझरीला पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या फोनवर हे गाणं वाजायचं. शंकरनगर भागात एक तर्री पोह्याचा ठेला आहे. तिथले भाऊ रोज सकाळी कढई चढवली की पहिलं हेच गाणं लावायचे. आम्ही त्यांना कधी फुकट पास दिला नव्हता, तरीही.

आवाज का बदलला

मग एका वर्षी पेटी-ढोलकी गेली आणि त्यांच्या जागी सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि लॅपटॉपवरचा ताल आला. 'पैशासाठी विकले गेले' असं नंतर बरंच बोललं गेलं. पैसा हे एक कारण होतं, पहिलं नव्हतं.

पहिलं कारण म्हणजे ढोलकीवाला पुण्याला गेला. हिंजवडीत नोकरी लागली. नागपूरच्या पोट्ट्यांचं हे नेहमीचंच: बस्तान बसेपर्यंत इथे आणि बसलं की पुण्याला. पहिले सहा महिने तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येऊन वाजवून गेला. मग त्याचं लग्न ठरलं आणि येणं थांबलं. त्याच्या जागी ताल लॅपटॉपवर बांधून घेतला.

दुसरं कारण ध्वनीचं. उघड्या लॉनवर पेटी ऐकवणं फार कटकटीचं असतं. आवाज थोडा वाढवला की मॉनिटरमधून, म्हणजे कलाकारांसमोरच्या स्पीकरमधून, शीळ घुमते, कमी केला की बासखाली पेटी बुडते. सिंथची वायर थेट मिक्सरला जाते, शिळेचा प्रश्नच राहत नाही.

तिसरं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. पेटीवाल्यालाच पेटीचा कंटाळा आला होता. त्याचं म्हणणं असं, 'दहा वर्षं माझा डावा हात भाता मारण्यात गेला. सिंथवर मला दोन्ही हातांनी वाजवता येतं.' हे तो आम्हाला बोलला होता, लोकांना कुणीच सांगितलं नाही. लोकांच्या मते बिचाऱ्या पेटीवाल्याची पेटी बाकीच्यांनी हिसकावली होती. खरं तर नव्या आवाजाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता तोच होता.

गायकाचीही पस्तिशी उलटली होती. त्यानं पावसाच्या गाण्याची पट्टी काळी दोनवरून पांढरी एकवर उतरवून घेतली. तीन अर्धस्वर खाली म्हणजे मोठा बदल, पण तो आजतागायत एकाही श्रोत्याच्या लक्षात आलेला नाही. पुढच्या गदारोळात मला याची राहून राहून गंमत वाटायची.

प्रसंग

जानेवारीत वर्धा रोडवरच्या एका लॉनवर नव्या आवाजाचा पहिला कार्यक्रम ठेवला. खुर्च्या चारशे, तिकीट माफक, थंडी झकास. लोक वेळेवर आले, आम्हीच उशिरा सुरू केलं. लॅपटॉप, कानात घालायचे इन-इअर, नवा मिक्सर असा सगळा संसार जुळवताना साउंड चेक लांबला आणि पडदा चाळीस मिनिटं उशिरा सरकला. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यात आमचा दिवस नव्हता. पावसाचं गाणं नेहमीप्रमाणे शेवटी ठेवलं होतं. ते सुरू झालं तेव्हा १० ला आठ मिनिटं होती.

आधीची नवी गाणी लोकांनी शांतपणे ऐकली होती. टाळ्या पडत होत्या, पण लग्नात अनोळखी माणसाला करतात तशा. आता सिंथवर ओळखीची सुरावट आली आणि लोक सावरून बसले. दुसरा अंतरा संपला, गायकानं सवयीनं माइक लोकांकडे केला, लोकांनी मुखडा उचलला. इथे घोळ झाला. लॅपटॉपमध्ये मुखड्यासाठी मोजून एकच फेरी ठेवलेली होती. ती संपल्याबरोबर ताल पुढच्या अंतऱ्यात घुसला. कानात वाजणाऱ्या ठेक्याच्या क्लिकनं बांधलेला गायक त्याच्यामागे गेला आणि चारशे लोक दुसऱ्यांदा मुखडा म्हणत मागे राहिले. दोन ओळी दोन्ही गाणी एकमेकांत आदळत राहिली. मग लोक गप्प झाले.

गाणं संपलं. मागून कुणी तरी ओरडलं, 'पेटी कुठी गेली बे?' हशा पिकला. मग वन्स मोअर सुरू झाला, 'पेटीवर! पेटीवर!' संगीत नाटकांपासून आपल्याकडे वन्स मोअर हा प्रेक्षकाचा हक्कच समजला जातो. गायकानं घड्याळ पाहिलं आणि चिडून माइकवर म्हणाला, 'पेटीच ऐकायची असेल तर घरी जाऊन जुनं रेकॉर्डिंग ऐका.'

बऱ्याच लोकांनी घरी जाऊन तेच केलं. आणि ते रेकॉर्डिंग तिथे नव्हतं.

माझी चूक

त्याच आठवड्यात आम्ही पावसाचं गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित करून चढवलं होतं. प्रश्न असा होता की नवं वेगळं चढवायचं की जुन्याच्या जागी. ऑनलाइन प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो गाण्याचा नसतो, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. म्हणजे तेच गाणं पुन्हा गायलं तर नवा क्रमांक घ्यायला हवा. पण नवा क्रमांक म्हणजे ऐकल्याचा आकडा शून्यापासून आणि लोकांनी बनवलेल्या याद्यांमध्ये जुनंच वाजत राहणार. वितरण करणाऱ्या कंपनीकडे फाइल बदलण्याची सोय होती. चुकीची फाइल गेली, शेवट कापला गेला, अशा दुरुस्तीसाठी ठेवलेली. मी ती वापरली. त्याच नावावर, त्याच क्रमांकावर, जुन्याच चित्राखाली नवं गाणं बसवलं. आकडा शाबूत राहिला. मला वाटलं, मोठी अक्कलहुशारी केली.

कार्यक्रमानंतरच्या सोमवारी मी पोहे खायला गेलो. ठेल्यावरच्या भाऊंनी प्लेट देता देता विचारलं, 'भाऊ, तुमचं गाणं बिघडलं काय? नाव तुमचंच दाखवून रायलं, पण वाजून रायलं दुसरंच. मले वाटलं माह्या फोनच गेला.' त्यांनी चक्क फोन दुकानात दाखवून आणला होता.

तोवर आमच्याकडे आलेल्या तक्रारी मी 'लोकांना नवीन पचत नाही' या खात्यात टाकत होतो. या माणसाला नवं आवडलं की नाही हा प्रश्नच नव्हता. त्याच्या घरातली वस्तू आम्ही न विचारता उचलून दुसरी ठेवली होती.

पर्याय

फेब्रुवारीत गॅरेजमध्ये बैठक झाली. ढोलकीवाला पुण्याहून फोनवर होता. चार पर्याय पुढे आले.

पहिला, सगळं जुन्यावर नेणं. कोजागरीचा कार्यक्रम देणारे एक गृहस्थ तसं स्पष्टच म्हणाले होते: पेटी-ढोलकी असेल तर बोला. पण ढोलकीवाला येणार नव्हता आणि पेटीवाल्यानं सांगून टाकलं की मग मीही नाही.

दुसरा, माघार न घेणं. ही बाजू बासवाल्याची. त्यानं बॉब डिलन काढला, साध्या गिटारवर लोकगीतं म्हणून गाजलेला अमेरिकन गायक. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उतरला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्या मे महिन्यात मँचेस्टरला एकानं भर सभागृहात त्याला 'जूडास' म्हटलं, म्हणजे येशूला धरून देणारा. तरी तो थांबला नाही, आणि शेवटी बरोबर तोच ठरला.

आवाज बदलणारा प्रत्येक बँड हा दाखला देतो, हे माझ्या आता लक्षात आलंय. आवाज बदलून विस्मरणात गेलेल्यांचा दाखला कुणी देत नाही, कारण त्यांची नावं आठवत नाहीत. शिवाय गोष्ट नीट पाहिली तर तिच्यात बासवाल्याला अडचणीचं बरंच काही आहे. न्यूपोर्टला इलेक्ट्रिक गाणी झाली तीनच, आणि हुर्यो गिटारमुळे होती, खराब ध्वनीमुळे की इतक्या लवकर उठला म्हणून, याबद्दल तिथे हजर असलेल्यांतही एकमत नाही. त्याच रात्री तो साधी गिटार घेऊन परत आला आणि आणखी दोन गाणी म्हणून गेला. १९६६ च्या दौऱ्यातही पहिला अर्धा भाग तो एकट्यानं जुन्या पद्धतीनं करायचा आणि मध्यंतरानंतर बँड उतरायचा. म्हणजे ज्याला आपण 'मागे वळून न पाहणारा' म्हणतो, तो रोज अर्धा कार्यक्रम मागे वळूनच करत होता. आणि एक गाव बिथरलं तर त्याला दुसरं होतं. आमच्याकडे धरमपेठ रुसलं तर लक्ष्मीनगरही रुसतं, कारण ते एकमेकांचे साडू असतात.

तिसरा पर्याय याच चर्चेतून निघाला: दोन भाग. आधी जुनं, मग नवं. चौथा, नव्या गाण्यांसाठी वेगळं नाव घेणं. मला चौथा बरा वाटत होता, अजूनही वाटतो. गायकाला तो अपमान वाटला. 'म्हणजे माझ्याच नावावर माझा हक्क नाही?' हा त्याचा सवाल होता, आणि त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र मतभेद नव्हता: जुनं ध्वनिमुद्रण परत आणायचं.

काय केलं

परत आणायचं म्हणजे फाइल हवी. आमच्या संगणकावर ती नव्हती. स्टुडिओ बंद पडून तिथे आता मोमोचं दुकान झालंय. शेवटी ढोलकीवाल्याकडे पुण्यात एका जुन्या हार्ड डिस्कवर मूळ फाइल निघाली. सुटे ट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं मुद्रण, गेले ते गेलेच. ज्या माणसाला वगळून आम्ही नवा आवाज केला, त्याच्याच कपाटातून जुना निघाला. यावर तो काही बोलला नाही. त्याचा फोन लागला की अजूनही मला ओशाळं होतं.

जुनं ध्वनिमुद्रण त्याच्या मूळ क्रमांकावर गेलं, नव्याला नवा क्रमांक घेतला आणि नावापुढे 'नवं रूप' असं लिहिलं. पोचायला दहा-बारा दिवस लागले.

मग वीसेक श्रोत्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. तक्रार करणारेच मुद्दाम निवडले. चहा-चिवडा ठेवला, खुलासा वगैरे न करता एकच विचारलं: काय गेलं? उत्तर एकमुखी होतं. पेटी. 'पेटीत आपलेपणा होता', 'ते मशीन परकं वाटतं'. एक निवृत्त संगीत शिक्षक होते, ते हसले. म्हणाले, ही आपली पेटी मुळात युरोपातून आलेली. बावीस श्रुती (बारीक स्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तिच्यात बसत नाही म्हणून १९४० ते १९७१ आकाशवाणीनं तिला दारात उभं केलं नव्हतं. 'माझ्या गुरुजींच्या मते पेटी हेच मशीन होतं.'

त्यानंतर आम्ही तेच गाणं तीन तऱ्हांनी वाजवून दाखवलं. आधी खरी पेटी, पण ताल लॅपटॉपचा आणि मुखडा एकदाच. मग सिंथ, पण लॅपटॉप बंद, हातानं वाजवलेला ताल आणि मुखड्याला हवा तेवढा थांबा. तिसरं जसं लॉनवर झालं तसं. पहिल्याला लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्याला ते गायले. चार वेळा मुखडा झाला, कुणी तरी चिवड्याच्या डब्यावर ताल धरला आणि शेवटी लय चढली तेव्हा पेटीची आठवण कुणाला राहिली नव्हती. संपल्यावर एक काकू म्हणाल्या, 'हं, आता पेटीनं बरं वाटलं.' त्यात पेटी नव्हती.

वीस ओळखीचे लोक, गॅरेज आणि फुकटचा चिवडा यावरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे मला कळतं. तरी त्या संध्याकाळनंतर लोकांच्या तक्रारीकडे पाहण्याची माझी रीत बदलली. काही तरी गेलंय हे त्यांना अचूक कळलं होतं. नाव मात्र त्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला दिलं. गेला होता तो त्यांचा स्वतःचा गाण्यातला भाग, गायक थांबायचा ती जागा. त्याला शब्द नव्हता, म्हणून 'पेटी'. आणि आम्हीही शब्दालाच धरून महिनाभर पेटी बरोबर की सिंथ बरोबर हे भांडत बसलो.

ठरलं ते असं: जुन्या पाच गाण्यांना लॅपटॉप लावायचा नाही. ताल हातानं. त्यासाठी मानेवाड्याचा एक एकोणीस वर्षांचा पोट्टा घेतला, भजनी मंडळात ढोलकी वाजवणारा. नवी गाणी क्लिकवरच. सिंथ कायम. पावसाचं गाणं शेवटी न ठेवता मधोमध आणायचं, म्हणजे दहाच्या काट्याशी शर्यत नको. गायकानं कार्यक्रमात लॉनवरच्या त्या वाक्याबद्दल माफी मागावी असं मी सुचवलं. त्यानं मागितली नाही.

निष्पत्ती

मधले महिने उन्हाळा आणि पावसाळा. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत खुले कार्यक्रम कुणी करत नाही, त्याचा आम्हाला फायदाच झाला. तालमी झाल्या, राग थोडा निवला.

कोजागरीचा कार्यक्रम देणाऱ्या गृहस्थांनी तारीख दुसऱ्याच मंडळींना दिली. आम्ही एका हाउसिंग सोसायटीच्या गच्चीवर केला. दीडशे माणसं, मसाला दूध, चांदणं. मुखडा पाच वेळा झाला. नव्या पोट्ट्याची तिहाई एकदा चुकली, लोकांनीच सांभाळून घेतलं. पेटीबद्दल एकानं विचारलं तेव्हा पेटीवाल्यानं पहिल्यांदा स्वतः माइक घेतला आणि भात्यावरच्या डाव्या हाताची गोष्ट सांगितली. लोक मनापासून हसले. हे तो जानेवारीत बोलला असता तर, असं मला वाटून गेलं.

नव्या गाण्यांना त्या रात्रीही टाळ्या बेताच्याच होत्या. कॉलेजची मुलं मात्र त्यासाठीच आली होती आणि जुनी गाणी चालू असताना फोनवर होती. लग्नाची कामं कमी झाली ती झालीच. गॅरेजमधल्या त्या काकू आल्या नाहीत. त्यांचा निरोप होता, 'तुमचं जुनं मी घरी ऐकते, नवं तुम्ही वाजवा.' मला हे उत्तर पुरेसं प्रामाणिक वाटलं. गायकाला ते अजून टोचतं.

आज पुन्हा करायचं झालं तर

फाइल बदलण्याच्या त्या बटणाला हात लावणार नाही. बाकीच्या चुकांना निमित्त सांगता येईल, याला नाही. कार्यक्रमातल्या आवाजावर बँडचा हक्क आहे, पण विकून झालेल्या, लोकांच्या सकाळींत मिसळलेल्या ध्वनिमुद्रणावर तो तसा उरत नाही, कायदा काहीही म्हणो.

पहिला कार्यक्रम चारशे खुर्च्यांचा करणार नाही. गॅरेजमधली संध्याकाळ आधी आणि लॉन नंतर, हा क्रम उलटा झाला. ढोलकीवाला गेल्याचं लोकांना आधीच सांगायला हवं होतं. त्याला निरोपाचा एक कार्यक्रम दिला असता तर रडारड होऊन अर्धं प्रकरण तिथेच मिटलं असतं. आपल्याकडे लोक बदलापेक्षा न सांगता केलेल्या बदलावर जास्त चिडतात, हे लग्नाच्या पंगतीपासून सगळीकडे दिसतं.

वेगळ्या नावाच्या पर्यायावर आमच्यात अजून एकमत नाही. बासवाला म्हणतो, तू भित्रा आहेस. असेन.

जुनं गाणं परत चढलं त्या दिवशी मी मुद्दाम सकाळी लवकर ठेल्यावर गेलो होतो. भाऊ कढई परतत होते आणि फोनवर कुठलंसं भजन लागलं होतं. म्हटलं, 'भाऊ, आपलं गाणं परत आलं, लावून बघा.' ते म्हणाले, 'असू द्या ना आता. याची सवय लागून रायली.' आणि तर्री जरा जास्तच वाढली.